बोटभर वर, ठोकळा आत

पायाखालची जमीन सरकली, असं म्हणायची पद्धत आहे.
इथे ती खरंच सरकते.
लेना नदीच्या पूर्वेला, गवताच्या हातभर खाली
जी माती आजोबांच्या आजोबांच्याही आधीपासून गोठलेली होती
ती आता दर उन्हाळ्याला थोडी सैल होते,
आणि शाळेचा उत्तरेकडचा कोपरा वीतभर खचलाय.
तुयारा बाईंनी दारापाशी पेन्सिल ठेवली.
बाकांखालून घरंगळत ती थेट भट्टीला जाऊन टेकली.
पोरं हसली.
खारितोन हसला नाही.

तो आधी जमीन बघतो, इमारत नंतर.
टाचेने दाबतो, गज खुपसतो, गजाचं टोक हुंगतो सुद्धा.
मग लार्चच्या जाड फळ्या उभ्या-आडव्या रचतो
आणि तान्ह्या पोराला बसवावं तसा
त्यांवर जॅक बसवतो.
"मिचिल, हा पंचवीस टन उचलतो,
त्याच्या पत्र्यावर लिहिलंय.
मातीवर कुणी काही लिहिलेलं नसतं."

माथा तुळईच्या मधोमध.
तुळईच्या लोखंडी पट्टीखाली लाकडाची चकती,
कारण लोखंडावरून लोखंड निसटतं.
ओळंबा लाव. पुन्हा लाव.
तिरका जॅक बराच वेळ
सरळ असल्यासारखा वागतो.

चार कोपरे, चार माणसं,
आवाज मात्र एकाचाच:
बोटभर वर. थांब. ठोकळा आत.
बोटभर वर. थांब.
त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत,
त्यामुळे बोटभर म्हणजे नेमकं किती
हे आम्ही थट्टेतही विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी मी कंटाळलो.
डास नाकातोंडात, घामाने दांडा बुळबुळीत,
आणि ते ठोकळे, ठोकळे, ठोकळे!
म्हटलं, दोन दाब सलग मारले तर
संध्याकाळी नदीवर जाता येईल.
मारले.
तुळई कुरकुरली, म्हाताऱ्या गाईसारखी, एकदाच.
तो ओरडला नाही. आला,
माझ्या हातातला दांडा काढून घेतला
आणि मी चुकवलेला ठोकळा स्वतः आत सारला,
हात न घालता, दुसऱ्या लाकडाने ढकलून.
"आता तू फक्त लाकडं वाहा," म्हणाला.
मी वाहिली. मनातल्या मनात शिव्या देत.

चहाच्या वेळी आम्ही कुंपणापाशी बसलो होतो.
आधी शीळ ऐकू आली,
कुणीतरी पोरगं असेल असं वाटलं.
मग जॅकच्या बुडाशी तेलाची काळी जीभ पसरत गेली
आणि उत्तरेकडचा कोपरा
नखभर खाली येऊन
ठोकळ्यांवर बसला.
धप्. एवढाच आवाज.
आत कुठेतरी काच तडकली,
फळ्याखालचा खडू पडला असावा.
खारितोनने कप खाली ठेवला नाही.
"दूध जास्त झालंय," म्हणाला,
पण कप तोंडापर्यंत न्यायला त्याला वेळ लागला.

माझा एक हातमोजा तुळईखाली राहिला होता.
अजून तिथे हात जाईल एवढी फट होती.
किती वेळ मी त्या फटीकडे बघत उभा होतो, माहीत नाही.
मग काठी आणली आणि मोजा ओढून काढला.

जॅक बदलला. सील सुकून भेगाळलं होतं,
थंडीभर गोदामात उघडं पडलेलं.
पुढचे दोन दिवस चढवलं, रचलं, पाचरी मारल्या,
मग किल्ली केसभर फिरवत, श्वास रोखून,
सगळा भार नव्या खांबांवर उतरवला.

तुयारा बाईंनी पुन्हा पेन्सिल ठेवली.
ती जरा हलली,
दुसऱ्या बाकापर्यंत गेली आणि थांबली.
"पुढच्या उन्हाळ्यात येऊ," खारितोन म्हणाला,
आणि माझ्याकडे न बघता दांडा पुढे केला:
तेल पुसून ठेव.